गावचा तंटा, गावचा सलोखा

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजाराच्या गावी शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चालून गेला. पुढे पुणे व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत हे लोण पसरले. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपल्यावर कापसाचे भाव उतरले होते. साराही वाढला होता. जमावाचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, कर्जरोख्यांवर होता. हाती लागलेले रोखे जाळण्यात आले. निरक्षर शेतकऱ्यास आपण निशाणी केलेल्या कागदातील मजकूर ठाऊक नसे. न्यायालय मात्र तोच कागद प्रमाण मानी. तंट्याचे एक मूळ येथे होते.

लवादाची वाट

त्याच सुमारास पुणे शहरात सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने लवाद कोर्ट सुरू झाले. उभय पक्षांना मान्य असलेल्या पंचांनी वाद मिटवावा, खर्च व कालहरण टळावे, हा त्यामागील हेतू होता. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यानेही काही अंशी हीच दिशा धरली. रोख्यामागील मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयास मिळाला. कर्जाचे दस्तऐवज गावच्या निबंधकासमोर करण्याची आणि दाव्यापूर्वी सलोख्याचा प्रयत्न करण्याची तरतूद झाली.

तंटामुक्तीची मोहीम

१५ ऑगस्ट २००७ रोजी महाराष्ट्र शासनाने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. ग्रामसभेने समिती नेमावी, समितीने दिवाणी, महसुली व फौजदारी तंट्यांची नोंद ठेवावी आणि उभय पक्षांच्या संमतीने तडजोड घडवावी, अशी तिची रचना होती. बांध, वहिवाटीचा रस्ता, विहिरीच्या पाण्याची पाळी यांसंबंधीचे वाद रकमेने लहान असतात. परंतु त्यांतून भावकी दुभंगते व पिढ्यान्‌पिढ्या वैर चालते. बांधाचा दगड कोठे होता हे शेजाऱ्यांना ठाऊक असते. गावातील समितीचे बळ ते हेच.

मर्यादा व दक्षता

तथापि सलोखा म्हणजे दुर्बळाची सक्तीची माघार नव्हे. कायद्याने तडजोडीस अपात्र ठरवलेले गुन्हे समितीस मिटवता येत नाहीत. स्त्रियांवरील गंभीर अत्याचार किंवा १९८९ च्या कायद्याखालील अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार यांची तक्रार पोलीस ठाण्यातच गेली पाहिजे. गावाच्या लौकिकासाठी अशी तक्रार दडपणे हा नवा अन्याय होय.

तडजोडीच्या अटी दोन्ही पक्षांना वाचून दाखवाव्यात, प्रत्येकास प्रत द्यावी आणि घरातील स्त्रियांचे म्हणणेही ऐकावे. प्रकरण न्यायालयात असल्यास ते लोकअदालतीपुढे नेता येते. १९८७ च्या कायद्यानुसार तिच्या निवाड्यास दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते. अशा कामी ग्रामपंचायत अधिकारी व शिक्षक यांचे साहाय्य मोलाचे ठरते.

सुपे येथे जळाले ते कागद एका पक्षाला वाचताच येत नव्हते. दोघांनी समजून सही केलेला कागद जाळण्याची वेळ सहसा येत नाही.