व्होल्ट आहेत, मग पंप का फिरत नाही?

गुहागर तालुक्यातील वेळणेश्वरला आम्ही दोन दिवस मुक्कामाला होतो. गाडी माडांच्या सावलीत, किनाऱ्यापासून जेमतेम शंभर पावलांवर उभी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी चिपळूणकडे निघालो तेव्हा समोरच्या काचेवर दुधी रंगाचा पातळ थर बसलेला दिसला. बोट फिरवून जिभेला लावले, तर खारट. लाटा फुटताना पाण्यात असंख्य बुडबुडे तयार होतात. ते फुटले की अतिसूक्ष्म थेंब हवेत उडतात आणि वाऱ्याबरोबर गावात येतात. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. या थरावर वाटेतली जांभ्याची तांबडी धूळ चिकटली. वेळणेश्वरहून चिपळूणला जायचे म्हणजे पूर्वेकडे, म्हणजे सकाळचे ऊन थेट समोरून. मिठाचा कण न् कण प्रकाश विखुरतो. एका वळणावर सूर्य समोर आला आणि सगळी काच पांढरीफटक झाली. रस्त्याच्या कडेने दप्तर घेऊन चाललेली मुले दिसली ती अगदी जवळ आल्यावर.

काच धुण्याची दांडी ओढली. वायपर फिरले, पण पाणी आले नाही. कोरड्या वायपरने मीठ आणि धूळ नीट सारवून दिली, आणि होते तेवढेही दिसेना. पाण्याची टाकी तर निघतानाच भरलेली होती. शेवटी प्यायच्या बाटलीतले पाणी ओतून काच धुतली आणि पुढच्या बाजारपेठेत गॅरेज गाठले.

तिथल्या मेकॅनिकने पंपाचा कपलर काढला, मल्टिमीटरच्या दोन लीड त्यात टेकवल्या आणि आम्हाला दांडी ओढायला सांगितली. मीटरने १२.४ व्होल्ट दाखवले. "साहेब, सप्लाय बरोबर येतोय. पंपच गेलाय," तो म्हणाला. त्याच्या जागी आम्ही असतो तर हेच म्हटले असते. खरे तर आम्हीही मान डोलावली. नवा पंप बसवला. दांडी ओढली. तोही फिरला नाही.

शाळेत विद्युत परिपथ शिकवताना ज्या एका गोष्टीकडे आपण फारसे लक्ष देत नाही, ती इथे आडवी आली होती. ती सांगण्याआधी या पंपाची थोडी ओळख करून घेऊ.

काच धुण्याचा पंप हाताच्या मुठीत मावेल एवढाच असतो. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या टाकीला खालच्या बाजूस भोक असते, त्यात रबरी बूच आणि त्या बुचात पंपाचे तोंड दाबून बसवलेले. आत कायम चुंबकाची, कार्बन ब्रश असलेली, १२ व्होल्टची एकदिश मोटार आणि तिच्या आसावर पाती असलेले एक लहानसे चाक. चाक फिरले की पाणी बाहेरच्या बाजूस फेकले जाते आणि नळीतून नोझलकडे जाते. काही गाड्यांत हाच पंप मागची काचही धुतो: मोटार एका दिशेने फिरली की पाणी पुढे, उलट फिरली की मागे. म्हणजे अशा पंपाची कुठलीही एक तार कायमची धन किंवा ऋण नसते. तपासताना हे ठाऊक नसले तर माणूस चांगलाच गोंधळतो.

विजेचा मार्ग साधारणपणे असा: बॅटरीच्या धन टोकापासून फ्यूज, तिथून चावीचा स्विच, मग दांडीतला स्विच, मग पंप. पंपातून निघालेली दुसरी तार मात्र बॅटरीपर्यंत जात नाही. ती जवळच गाडीच्या पत्र्याला बोल्टने आवळलेली असते. पत्रा हीच परतीची तार. गॅरेजच्या भाषेत 'बॉडी अर्थ'. यात एका तारेची बचत होते, पण वेळणेश्वरच्या हवेत ही बचत महागात पडू शकते.

तपासणीची सुरुवात कानाने करावी. दांडी ओढल्यावर पंपाचा घूं असा आवाज येत असेल आणि पाणी येत नसेल, तर विजेचा दोष शोधण्यात वेळ घालवू नये; नळी निसटली असेल किंवा नोझलमध्ये क्षार किंवा शेवाळ अडकले असेल. बारीक सुई आणि फुंकर एवढ्यावर काम भागते. आवाजच नसेल तर फ्यूज पाहावा. जळालेल्या फ्यूजच्या जागी तार गुंडाळणे हा आपल्याकडचा जुना रोग; फ्यूज जळतो त्याला कारण असते, आणि ते कारण तारेने नाहीसे होत नाही. आमच्या गाडीत आवाज नव्हता आणि फ्यूज शाबूत होता.

मग १२.४ व्होल्ट दाखवणारा मीटर खोटे बोलत होता का? नाही. आपण त्याला प्रश्नच चुकीचा विचारला होता. पंप काढून टाकल्यावर परिपथात पंपाच्या जागी मीटर आला. साध्या डिजिटल मल्टिमीटरचा अंतर्गत रोध सुमारे १ कोटी ओहम असतो. म्हणजे त्या वेळी तारांतून जाणारी विद्युतधारा होती १२.४ भागिले १ कोटी, साधारण सव्वा मायक्रोअँपिअर. वाटेत कुठे गंजलेला सांधा असला आणि त्याचा रोध १५ ओहम असला, तरी एवढ्याशा धारेने त्यावर खर्च होणारे विभवांतर भरते व्होल्टच्या पन्नास हजाराव्या भागाइतके. मीटरला ते दिसणे शक्यच नाही. पंपाला मात्र मायक्रोअँपिअर पुरत नाहीत, त्याला चालताना तीन-चार अँपिअर लागतात.

बागेतल्या पाण्याच्या नळीवर कोणी पाय देऊन उभे आहे अशी कल्पना करा. नळीच्या टोकाची तोटी बंद असेल तर टोकाशी दाब पुरेपूर भरतो, कारण पाणी वाहतच नाही. तोटी उघडली की धार मात्र करंगळीएवढी. दाब मोजायचा तो तोटी उघडी ठेवून.

आम्ही तेच केले. जुनाच पंप पुन्हा जोडला आणि कपलर जोडलेला ठेवून त्याच्या मागच्या बाजूने लीड आत सरकवल्या. एकाने दांडी ओढून धरली, दुसऱ्याने मोजले. पंपाच्या दोन टोकांत फक्त ०.९ व्होल्ट! मग काळी लीड बॅटरीच्या ऋण टोकाला आणि लाल लीड पंपाच्या ऋण तारेला लावली. दोन्ही एकाच तारेची दोन टोके असल्यासारखी. इथे शून्याच्या आसपास, फार तर ०.२ व्होल्ट यायला हवे. मीटरने दाखवले ११.३. बॅटरीच्या धन टोकापासून पंपाच्या धन तारेपर्यंत उरलेले ०.२. तिन्हींची बेरीज १२.४. मुलांकडून ही बेरीज जरूर करून घ्यावी. बॅटरीने दिलेले विभवांतर परिपथात कुठे ना कुठे खर्च झालेच पाहिजे. ते कुठे खर्च झाले हे शोधले की दोष सापडला.

पुढचे गणित आठवी-नववीचे आहे. पंप सुटा असताना त्याचा रोध आम्ही मोजला होता, १.२ ओहम. (लीडचा स्वतःचा रोध आधी मोजून वजा करावा, एवढ्या लहान आकड्यात तो चूक घालतो.) पंप फिरत नव्हता, म्हणून त्यातून जाणारी धारा ०.९ भागिले १.२, म्हणजे ०.७५ अँपिअर. अर्थच्या वाटेवरचा रोध ११.३ भागिले ०.७५, म्हणजे सुमारे १५ ओहम. तिथे उष्णतेत जाणारी शक्ती ११.३ गुणिले ०.७५, म्हणजे साडेआठ वॉट. थोडा वेळ दांडी धरून ठेवली आणि मडगार्डच्या आतल्या बाजूचा तो बोल्ट चाचपला, तर चक्क कोमट लागला.

बोल्ट उघडल्यावर आत लाल-तपकिरी भुकटी होती. पत्र्याचा रंग फुगून सुटला होता आणि तारेच्या टोकाच्या कडीवर हिरवट पूड धरली होती. कडी तांब्याच्या मिश्रधातूची, पत्रा लोखंडाचा, मध्ये खारट ओल: हा एक विद्युतघटच झाला, आणि अशा घटात झिजते ते लोखंड. ओल येते कुठून, असा प्रश्न मुले विचारतील. बोल्टवर पाणी तर पडत नव्हते. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की शुद्ध मीठदेखील हवेतले पाणी ओढून त्यात विरघळते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईड असते, ते याहून पुष्कळ कमी आर्द्रतेतही ओलसर राहते. कोकणात पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते हे घरोघर ठाऊक आहे. तेच मीठ बोल्टच्या फटीत बसले होते. शिवाय कोणतेही दोन धातू एकमेकांवर आवळले तरी ते खरे टेकतात थोड्याच उंचवट्यांवर. त्या उंचवट्यांमध्ये गंज शिरला की धारेला वाट उरते ती केसाएवढी.

पॉलिश पेपरने पत्रा आणि कडी चकचकीत होईपर्यंत घासली, बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावले. दांडी ओढली आणि पाणी काचेवरून टपापर्यंत उडाले. जुनाच पंप. नव्याचे पैसे मेकॅनिकने आपणहून परत दिले आणि मीटर घेऊन दुसऱ्या एका गाडीच्या हॉर्नकडे वळला.

दुरुस्तीनंतरचे आकडेही पाहण्याजोगे आहेत. अर्थच्या बाजूला ०.०८ व्होल्ट, पंपावर ११.५ व्होल्ट, धारा ३ अँपिअर. इथे एखादा हुशार विद्यार्थी अडवील: रोध १.२ ओहम आणि विभवांतर ११.५ व्होल्ट, तर ओहमच्या नियमाने धारा साडेनऊ अँपिअर हवी, तीन कशी? प्रश्न रास्त आहे. फिरणारी मोटार त्याच वेळी जनित्रही असते. चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या तिच्या वेटोळ्यांत बॅटरीच्या उलट विभवांतर निर्माण होते. ३ अँपिअरला वेटोळ्यांच्या रोधावर ३.६ व्होल्ट खर्च होतात, उरलेले ७.९ व्होल्ट हे त्या उलट विभवांतराला तोंड देतात, आणि पाणी उडवण्याचे काम मुख्यतः त्यांच्यातूनच होते. याच कारणाने, चाकात कचरा अडकून मोटार जाम झाली की उलट विभवांतर शून्य होते, धारा नऊ-दहा अँपिअरवर जाते आणि फ्यूज वितळतो. फ्यूज पुन्हा पुन्हा जात असेल तर आधी पंपाचे चाक मोकळे आहे का ते पाहावे.

मीटर हाताशी नसेल तर जुन्या मेकॅनिकांचा टेस्ट लॅम्प फार उपयोगी पडतो. वळण दाखवण्याचा १२ व्होल्ट, २१ वॉटचा बल्ब पावणेदोन अँपिअर घेतो. कपलरमध्ये पंपाऐवजी तो लावला आणि लख्ख पेटला तर वाट मोकळी. नुसता लालसर झाला किंवा पेटलाच नाही तर वाटेत अडथळा. एलईडीचा टेस्टर मात्र इथे मीटरसारखाच फसवतो. अलीकडच्या गाड्यांत काही भाग संगणकाच्या आज्ञेने चालतात. तिथे असा जड बल्ब लावू नये, गाडीचा नकाशा पाहूनच हात घालावा. विजेवर चालणाऱ्या गाडीतल्या नारिंगी वेष्टनाच्या जाड तारांना तर हातच लावू नये. बॅटरीजवळ काम करताना अंगठी आणि घड्याळ काढून ठेवावे: १२ व्होल्टचा झटका बसत नाही, पण टोके जुळली तर अंगठी बोटातच लाल होते.

वर्गात हे दाखवायला गाडी लागत नाही. विजेरीचे तीन सेल एकसर जोडा, त्यांच्या वाटेत १०० ओहमचा रोधक घाला; हा आपला गंजलेला सांधा. उघड्या टोकांवर मीटर लावला की साडेचार व्होल्टच्या आसपास दाखवील. आता तिथेच विजेरीचा तंतूचा बल्ब लावा. पेटणार नाही, आणि मीटर पाहाल तर त्यावर व्होल्टचा दहावा भागसुद्धा मुश्किलीने दिसेल. मग बल्ब काढून पांढरा एलईडी लावा. तो छान पेटतो, कारण त्याला पंधरा मिलिअँपिअर पुरतात. एकच परिपथ एकाला 'वीज आहे' म्हणतो, दुसऱ्याला 'नाही'. का, हे मुलांनाच सांगू द्यावे. गंजाचा प्रयोग याहून स्वस्त आहे: दोन खिळे मिठाच्या पाण्यात ठेवा, एकाला उघडी तांब्याची तार घट्ट गुंडाळा आणि आठवडाभर वाट पाहा.

खेड्यात वीजवाहिनीच्या टोकाला असलेल्या विहिरीवरचा पंप संध्याकाळी नुसता गुरगुरतो, फिरत नाही, आणि त्या वेळी घरातला छोटा एलईडी दिवा मात्र मजेत पेटलेला असतो. त्यामागेही बहुधा हेच असते. पण तिथे २३० व्होल्ट आहेत. तो परिपथ फळ्यावर काढावा, त्यावर प्रयोग करू नये.

आमच्या गाडीतला तो सांधा आम्ही पुढचा पावसाळा संपल्यावर पुन्हा मोजला. ०.०८ चे ०.११ व्होल्ट झाले होते.