सात इंचांचे दिवस

टॅब्लेटचा इतिहास लिहायला बसलेला माणूस हटकून २७ जानेवारी २०१० पासून सुरुवात करतो. सॅन फ्रान्सिस्कोचा तो मंच, कोचावर रेलून बसलेले स्टीव्ह जॉब्स, त्यांच्या हातात आयपॅड. मग पुढची सगळी हकीकत त्या कोचावरूनच सांगितली जाते. गेली काही वर्षं दिवाळी अंकांतही मी हेच वाचतो आहे आणि दरवर्षी तितकाच चिडतो. तो इतिहास खोटा आहे असं माझं म्हणणं नाही, पण तो आमच्या भागात घडलेला नाही. कल्याणच्या पुढे, उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत, घरातल्या यंत्राने आपल्याशी कसं वागावं याबद्दलच्या अपेक्षा बदलल्या त्या सात इंची, प्लॅस्टिकच्या पाठीच्या, बहुतेक वेळा नावगाव नसलेल्या टॅबने. या वेळी संपादकांनी जागा दिली आहे, तर हे सविस्तर सांगतो.

ॲलन के यांच्या डोक्यातलं १९७२चं डायनाबुक, ॲपलचा १९९३चा न्यूटन, २००२ साली आलेला मायक्रोसॉफ्टचा लेखणीवाला टॅब्लेट पीसी, बंगळूरचा सिंप्युटर यांच्यावर पुष्कळांनी लिहून ठेवलं आहे. त्यांतलं काहीच अंबरनाथ स्टेशनवर उतरलं नाही, म्हणून मीही तिथे थांबत नाही.

आमच्याकडे संगणक आला तो क्लासच्या रूपाने. २००१मध्ये एमकेसीएल स्थापन झाली, तिचा एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम सुरू झाला, आणि पगारवाढ अडकू नये म्हणून सरकारी कर्मचारी, नोकरीच्या आशेने पोरं आणि मुलांच्या आग्रहाखातर गृहिणी मी शिकवायचो त्या वर्गाच्या दारात चपला काढून आत येऊ लागल्या. आधी यूपीएस, मग सीपीयू, मग मॉनिटर हा क्रम वहीत लिहून घेतला जाई. ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक टर्नर माझ्या वर्गात होते. आयुष्यभर लेथवर केसाच्या जाडीची मापं सांभाळलेला तो हात माउस धरला की थरथरायचा. डबल क्लिक जमायचं नाही. दोन टिचक्यांमध्ये बाण सरकायचा आणि ते माझ्याकडे बघून म्हणायचे, "माझंच काहीतरी चुकलं, सर."

हे वाक्य त्या काळात प्रत्येकाच्या तोंडी होतं. यंत्र अडलं की चूक माणसाची, हे सगळ्यांनी मान्य करून टाकलं होतं. त्यात भारनियमन. बदलापूर-अंबरनाथला तेव्हा तासन् तास वीज जायची. यूपीएसची पिपाणी सुरू झाली की सगळा वर्ग घाईघाईने सेव्ह करायचा, आणि ज्याचं राहिलं त्याचं गेलं. संगणक म्हणजे शिकावा लागणारा, चुकलं तर शिक्षा करणारा, वीज असेल तरच जागा असणारा पाहुणा, अशी समजूत घट्ट बसली होती. टॅबने ही समजूत मोडली. बाकी सगळे बदल, मोठा पडदा म्हणा, ॲप म्हणा, त्या मोडण्यातून निघालेले आहेत.

बोटाने पडदा दाबायची सवय मात्र आयपॅडच्या आधीच आमच्या लोकांना रेल्वेने लावली होती. मध्य रेल्वेची एटीव्हीएम, म्हणजे तिकीट काढायची यंत्रं आठवा. कार्ड ठेवायचं, नकाशावरचं स्टेशन दाबायचं, एकदा, दोनदा, मग जोरात. मागे रांग उभी. तो पडदा ऐकायचा नाही, तरी कुणी तक्रार करत नसे. टॅब घरोघरी गेल्यावर चारच वर्षांत त्याच रांगेतली माणसं "मशीन खराब आहे" म्हणून पुढच्या यंत्राकडे जाऊ लागली. चूक माणसाकडून यंत्राकडे सरकली ती अशी, माझ्या डोळ्यांदेखत.

आता आकाशबद्दल. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत कपिल सिब्बल यांनी विद्यार्थ्यांसाठीचा हा सरकारी टॅब देशासमोर आणला. सात इंची पडदा, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, अँड्रॉइड २.२, आणि सरकारला साधारण सव्वादोन हजाराला पडणारा. त्याचा टच दाबाचा होता. वरचा थर खालच्या थराला टेकला तरच त्याला कळायचं, म्हणून बोटाच्या पेरापेक्षा नखाने काम चांगलं व्हायचं. पुरवठा रखडला, चाचणीच्या निकषांवरून वाद झाले, आणि इंग्रजी पत्रकारांनी आणि त्यांचं बोट धरून आपल्याकडच्या काही स्तंभलेखकांनी 'फसलेला प्रयोग' असा शिक्का मारून फाइल बंद केली. त्या लेखकांपैकी किती जणांनी तो हातात धरला होता, हा माझा जुना प्रश्न आहे. आजवर त्याचं उत्तर मिळालेलं नाही.

आकाशची दुसरी बाजू कुणी लिहीत नाही. प्रकल्प आयआयटी मुंबईकडे आला, प्रा. दीपक फाटक यांच्या चमूने त्याच्यासाठी शिकवण्याची साधनं उभी केली, आणि देशभरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या हजारो शिक्षकांना दूरस्थ कार्यशाळांतून तयार केलं. ११ नोव्हेंबर २०१२ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते आकाश-२ आला तेव्हा प्रोसेसर एक गिगाहर्ट्झचा झाला होता, टच हलक्या बोटाला ओळखू लागला होता आणि विद्यार्थ्यासाठी किंमत होती १,१३० रुपये. त्याच सुमारास आयपॅड भारतात येऊन दोन वर्षं होत आली होती. जानेवारी २०११मध्ये त्याची सुरुवातच २७,९०० रुपयांना होती. या दोन आकड्यांमधल्या दरीत आमचा सगळा पट्टा राहत होता. आकाश प्रत्यक्षात थोड्यांच्याच हाती पडला हे खरं. पण टॅब दोन-तीन हजारांतही होऊ शकतो, ही गोष्ट त्याने बाजाराच्या आणि गिऱ्हाइकाच्या कानावर घातली. दुकानात येऊन "आकाशसारखा द्या" म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना मिळायचा तो आकाश नव्हता, पण ते समाधानाने घेऊन जायचे.

आणि हे दुकान असायचं उल्हासनगरला. १९४७नंतर कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन पडलेल्या सिंधी निर्वासितांनी १९४९मध्ये नाव मिळालेलं हे गाव व्यापारावर उभं केलं. 'मेड इन यूएसए', म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', म्हणून त्यांच्या मालाला हिणवणारे सुशिक्षित लोक आमच्याकडे कमी नव्हते. मी त्यांच्याशी तेव्हाही भांडलो आणि आजही भांडायला तयार आहे. फर्निचर असो, जीन्स असो वा कूलर, पगारदार माणसाच्या ऐपतीत वस्तू बसवायची कला या गावाला अवगत आहे. २०१२-१३च्या सुमारास कॅम्प दोन आणि तीनच्या मोबाइल गल्ल्यांत ऑलविनर चिपवर चालणारे शेन्झेनचे टॅब आले. खोक्यावर फक्त 'टॅब्लेट पीसी' छापलेलं. साईंकडे, म्हणजे सिंधी दुकानदारांकडे, उधारी चालायची, बदली चालायची, आणि मुख्य म्हणजे दुरुस्ती चालायची.

ती दुरुस्ती मी तासन् तास उभं राहून बघितली आहे. काच तडकलेला टॅब आला की काउंटरवरचा पोरगा जुनं एटीएम कार्ड फटीत घालून पाठ उघडायचा. टचच्या काचेला चिकटलेल्या नारिंगी पट्टीवर बारीक अक्षरांत नंबर छापलेला असतो. तो भिंगातून वाचायचा आणि खालच्या खणातून त्याच नंबरची काच काढायचा. नंबर जुळला नाही तर पट्टीच्या पिना मोजायच्या, भोकं जुळतात का बघायचं. जुनी काच हेअर ड्रायरच्या गरम हवेवर सोडवायची, दोन्हीकडून चिकटणारी टेप लावायची, नवी बसवायची. चहा संपेपर्यंत टॅब तयार. हँग झालेल्याला "सॉफ्टवेअर मारून" द्यायचे. दुसऱ्याच बोर्डाचं सॉफ्टवेअर मारलं गेलं तर टच उलटा व्हायचा, डावीकडे बोट ठेवलं की उजवीकडचं चित्र उघडायचं. मग पुन्हा शोध, पुन्हा मारणं. चार्जिंगची बारीक गोल पिन तर मुलं हमखास तोडायची, ती डाग देऊन बसवून मिळायची. वस्तू स्वस्त आहे, पण बिघडली तर उघडून नीट करता येईल, ही अपेक्षा घेऊन आमचा माणूस टॅबकडे गेला होता. आयपॅडच्या इतिहासात ती अपेक्षा कुठेच नाही.

मग कॉलिंग टॅब. परदेशातल्या जाणकारांना हा प्रकार कधी कळलाच नाही. सिम घालून फोन करता येणारा सात इंची टॅब आपल्याकडे सॅमसंगने विकला, मायक्रोमॅक्सने विकला, मुंबईच्या आयबॉलने विकला. एवढं मोठं यंत्र कानाला लावलेली माणसं बघून हसणारे होते. पण ज्याच्या घरात एकच यंत्र परवडणार, त्याला त्यात फोन, टीव्ही, वर्तमानपत्र आणि पोराचा अभ्यास हे सगळं हवंच होतं. एकाच वस्तूत सगळं मागणारा गिऱ्हाईक कंपन्यांनी घडवला असं म्हणतात. मला विचाराल तर आमच्या गिऱ्हाइकाने कंपन्यांना घडवलं.

सात इंचांवरून माझं अनेकांशी वाजलं आहे. ऑक्टोबर २०१०मध्ये खुद्द जॉब्स यांनी सात इंची टॅब मोडीत काढले होते. पडदा लहान, बोटं मोठी, असा त्यांचा युक्तिवाद. इथले त्यांचे भक्तही तेच घोकायचे. त्यांच्यापैकी कुणी सकाळी बदलापूरहून सीएसएमटीला जाणारी लोकल पकडली होती का? अडुसष्ट किलोमीटर, दीड तासाच्या आसपास, बहुतेकदा उभ्याने. एक हात वरच्या कडीला, दुसऱ्या हातात जे मावेल ते. दहा इंची टॅब त्या हातात राहत नाही, सात इंची राहतो. त्यावर लोकांनी सिनेमे पाहिले, विभागीय परीक्षांचा अभ्यास केला, पीडीएफमधली पोथी वाचली. नोव्हेंबर २०१२मध्ये ॲपलने ७.९ इंचांचा आयपॅड मिनी बाजारात आणला, तेव्हा मी त्या मंडळींना फोन करून आठवण करून दिली होती. पुढे फोनच फुगत गेले आणि सात इंची टॅब त्यांच्या पोटात गेला. आज साडेसहा इंची फोनला कुणी मोठा म्हणत नाही.

देवनागरीची कहाणीही याच टॅबशी बांधलेली आहे. अँड्रॉइड २.२वर मराठी पान उघडलं की चौकोन दिसायचे. ऑपेरा मिनीच्या पत्त्याच्या पट्टीत 'कॉन्फिग' टाइप करून जटिल लिपीसाठी चित्ररूप अक्षरांचा पर्याय सुरू केला की मराठी वाचता यायचं. हे एक गुपित मी अख्ख्या गल्लीत वाटत फिरलो. अँड्रॉइड ४ आल्यावर जोडाक्षरं आपोआप नीट दिसू लागली. माझे ते टर्नर विद्यार्थी एव्हाना सत्तरीत होते. मुलाने त्यांना टॅब दिला होता. दोन बोटं पडद्यावर ठेवून ती लांब करताच बातमीची अक्षरं मोठी झाली, आणि त्यांनी तीच बातमी लहान-मोठी करत पुन्हा पुन्हा वाचली. हात तेव्हाही थरथरत होता, पण या यंत्राला त्याचं काही वाटत नव्हतं. त्यानंतर त्यांना छापील पेपरची अक्षरं खुपू लागली. बँकेत फॉर्म भरताना बारीक अक्षरांबद्दल त्यांनी कारकुनाला सुनावलं. दहा वर्षांपूर्वी हेच गृहस्थ "माझंच चुकलं" म्हणत होते.

सरकारी टॅबांचा हिशेब थोडक्यात. २०११च्या सामाजिक-आर्थिक व जात गणनेसाठी भारत इलेक्ट्रॉनिक्सने सहा लाखांहून अधिक टॅब बनवले. २०१५मध्ये मुंबई महापालिकेने आठवीच्या मुलांना टॅब वाटले. दोन्हींची छायाचित्रं भरपूर आली, पुढे त्यांचं काय झालं याची फारशी आली नाहीत. त्यापेक्षा आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातली पष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा मला मोलाची वाटते. तिथे संदीप गुंड या शिक्षकाने गावाला बरोबर घेऊन वर्गात टॅब आणले आणि शिकवण्यात खरोखर वापरले.

एक बदल मात्र हळू आला आणि खोल गेला. २६ जुलै २००५च्या पुरात बदलापूर, उल्हासनगरच्या तळमजल्यांवरचे सीपीयू चिखलात बुडाले. हार्ड डिस्कबरोबर लग्नाचे फोटो, हिशेब, सगळं गेलं, आणि लोकांनी ते नशिबावर सोडलं. २७ जुलै २०१९ला उल्हास नदी पुन्हा चढली, बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. त्या रात्री आमच्या ओळखीच्या कुटुंबांनी टॅब आणि फोन उराशी धरून वरचा मजला गाठला. ज्यांचे भिजले त्यांनी दुसऱ्या यंत्रावर खातं उघडून फोटो परत मिळवले. आता फोटो हरवला तर माणूस नशिबाला बोल लावत नाही, कंपनीला लावतो.

आणि मग २०२०. शाळा बंद झाल्या, वर्ग पडद्यावर आले. घरोघरच्या कपाटांतून ते सात इंची टॅब बाहेर निघाले. बॅटरी बदलली, पिना बसवल्या, चालू झाले. पण वर्गासाठी लागणारं ॲप त्यांच्यावर उतरेना, कारण अँड्रॉइड जुनं. काच शाबूत, बोर्ड शाबूत, आवाज येतोय, आणि तरी पोरगं वर्गाबाहेर. कंपन्यांनी त्या वस्तूला वाऱ्यावर सोडलं होतं. दुरुस्तीवाल्याच्या हातात त्यावर इलाज नव्हता.

आज त्या गल्ल्यांत जा. खणांतून काचांचे गठ्ठे दिसत नाहीत. टच आणि डिस्प्ले एकत्र चिकटवलेला कॉम्बो येतो आणि त्याची किंमत ऐकून गिऱ्हाईक टॅब परत पिशवीत टाकतो. बॅटरी गोंदाने चिकटवलेली. पोरगा उघडायला नको म्हणतो, कारण उघडताना पडदा गेला तर भरपाई त्याची. टॅब आता बहुतेक घरांत लहान मुलाला जेवताना व्हिडिओ दाखवायला उरला आहे. न शिकता वापरता यावं ही अपेक्षा पुरी झाली, पण उघडून नीट करता यावं ही अपेक्षा आपण विसरून चाललो आहोत, आणि याचं मला फार वाईट वाटतं. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२७पासून अशा यंत्रांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे असा कायदा केला आहे. आपल्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, पण पोर्टलवर माहिती देणं आणि वस्तू तशी बनवायला लावणं यांत अंतर आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या आमच्या तीन शहरांच्या महापालिकेने आणि नगरपालिकांनी यापुढे शाळांसाठी टॅब घेताना निविदेत दोन अटी घालाव्यात: बॅटरी स्क्रूने निघणारी हवी, आणि पुरवठादाराने किमान सात वर्षं सॉफ्टवेअर द्यायला हवं. बाकीचं काम उल्हासनगरच्या काउंटरवरची पोरं करतील.