शंभर घरांचं सरकार

27 एप्रिल 2011 रोजी गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात, मेंढा (लेखा) नावाच्या लहानशा गोंड गावात, केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि राज्याचे मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण आले. त्यांनी गावाच्या हाती एक पुस्तक दिलं. जंगलातून बांबूची गाडी बाहेर काढायची तर सोबत वाहतूक परवाना लागतो. तिकडे सगळे त्याला टीपी म्हणतात. त्याच टीपींचं ते पुस्तक. इंग्रजांच्या काळापासून ते वनखात्याच्या कचेरीत असायचं. त्या दिवसापासून मेंढ्याच्या ग्रामसभेकडे आलं. शंभरेक घरं, पाचशेच्या आतबाहेर माणसं, आणि त्यांच्या हाती सुमारे 1800 हेक्टर जंगलाचा कारभार!

हे घडलं कसं, हा प्रश्न मला कधीचा पडला आहे. मेंढ्याकडे ना आमदार होता, ना पैसा, ना शहरातल्या वजनदार माणसांचा राबता. होती ती एक सवय. गावातल्या सगळ्यांनी एकत्र बसायचं, आणि एकमत होईपर्यंत उठायचं नाही.

आधी ग्रामसभा म्हणजे काय ते नीट बघू. ती आपल्या इतक्या ओळखीची आहे की तिच्यातलं आश्चर्य आपल्याला दिसतच नाही. ग्रामपंचायत निवडून येते, पाच वर्षांनी जाते, बरखास्तही होऊ शकते. ग्रामसभेला कोणी निवडून देत नाही आणि कोणी बरखास्तही करू शकत नाही. 73व्या घटनादुरुस्तीनं 1993 साली तिला थेट संविधानात जागा मिळाली. गावाच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक माणूस तिचा सभासद, तोही तहहयात. आमदार, खासदार हे आपले प्रतिनिधी असतात. ग्रामसभेत मात्र आपणच असतो, कोणाच्या मार्फत नाही. एवढ्या मोठ्या देशाच्या राज्यव्यवस्थेत लोक स्वतः बसून निर्णय घेतील अशी जागा ही एवढीच. पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी भागांसाठी 1996 साली पेसा कायदा आला आणि त्यानं एक पाऊल पुढे टाकलं. जी वस्ती परंपरेनं आपला कारभार आपण करते ती वस्ती म्हणजेच गाव, असं त्यानं मानलं. पाच-सहा गावांची गट-ग्रामपंचायत असली तरी एकेका पाड्याला आपली स्वतःची ग्रामसभा भरवता येते. मेंढा हे असंच गाव. पंचायत लेख्याची, पण सभा स्वतःची.

मेंढ्यानं मात्र या कायद्यांची वाट पाहिली नव्हती. 1980च्या दशकात इंद्रावती आणि गोदावरीवर भोपालपट्टनम आणि इंचमपल्ली ही दोन मोठी धरणं बांधायचं घाटत होतं. जंगल बुडणार होतं, गावं उठणार होती. त्याविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभं राहिलं. बाबा आमटे त्यात होते, आदिवासी नेते लालश्याम शहा होते. या आंदोलनाच्या मंथनात मेंढ्याचे देवाजी तोफा आणि चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल एकत्र आले, आणि पुढे एक घोषणा गावोगावी पोचली: ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’ तिच्यात दिल्ली-मुंबईचं सरकार नाकारलेलं नाही, तेही आमचंच म्हटलं आहे. ही समजूत मला फार मोलाची वाटते.

परीक्षा लवकरच आली. गावानं आपलं जुनं घोटुल पुन्हा बांधायचं ठरवलं. घोटुल म्हणजे गोंड तरुण-तरुणींचं एकत्र जमण्याचं, शिकण्याचं घर. त्यासाठी जंगलातलं सागवान आणलं. वनखात्यानं हरकत घेतली आणि बांधलेलं घोटुल मोडून लाकूड नेलं. आजूबाजूची गावं मेंढ्याच्या पाठीशी उभी राहिली, आणि घोटुल पुन्हा उभं राहिलं.

या गावाची खरी करामत मला त्याच्या अभ्यासगटात दिसते. ग्रामसभा निर्णय घेते. अभ्यासगट निर्णय घेत नाही. ज्याला जो प्रश्न समजून घ्यायचा असेल त्यानं चार जणांना घेऊन बसावं, बाहेरच्या जाणकाराला बोलवावं, कायदा वाचून घ्यावा, आकडे तपासावेत. इथे मतभेदांना पूर्ण मुभा, कारण काही ठरवायचंच नसतं. समज पक्की झाली की विषय ग्रामसभेत जातो. अभ्यास आणि निर्णय असे वेगळे ठेवल्यामुळे काय साधतं ते मधाच्या गोष्टीत दिसतं. पूर्वी आग्यामाशीच्या पोळ्याखाली धूर-जाळ करून मध काढत. माश्या जळून मरत, पोळं संपे. अभ्यासगट बसला. मधमाशी जगते कशी, पोळ्याचा कुठला भाग मधाचा, कुठला पिल्लांचा, हे जाणकारांकडून समजून घेतलं, आणि माश्या न मारता फक्त मधाचा भाग कापून घ्यायची रीत गावानं शिकून घेतली. पोळं राहतं, माश्या पुन्हा मध भरतात. जंगलात जन्म गेलेल्या माणसांनी आपल्याच जंगलाचा पुन्हा अभ्यास करायला बसणं, याचं मला अपार कौतुक आहे.

आता एकमताकडे. मेंढ्याच्या ग्रामसभेत मतदान होत नाही. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीवर जातो. शहरातल्या माणसाला हे भाबडं वाटतं. असं कधी काम होईल का, असं तो विचारतो. पण जंगलाचा हिशेब मांडून पाहा. गावानं ठरवलं की आग लावायची नाही, फळांसाठी झाड तोडायचं नाही. हा नियम साठ विरुद्ध चाळीस मतांनी मंजूर झाला, तर उरलेल्या चाळीस जणांच्या खांद्यावर कुऱ्हाड आहेच. 1800 हेक्टरांत प्रत्येक झाडामागे पहारेकरी ठेवता येत नाही. नियम सगळ्यांचा असेल तरच तो टिकतो. त्याची राखण करणारा आणि तो मोडू शकणारा, दोघे एकच असतात. एकमताला वेळ लागतो खरा, पण नंतर अंमलबजावणीवर वेळ घालवावा लागत नाही. दारूबंदीचा निर्णयही असाच झाला. बायकांनी विषय लावून धरला, आणि सगळे राजी होईपर्यंत बैठका चालल्या.

इथे एक काळजी मनात येते आणि ती खरी आहे. ‘सगळ्यांचं एकमत’ या नावाखाली दुबळ्याला गप्प बसवणं सोपं असतं, विशेषतः जिथे जातीची उतरंड आहे, जमिनीची मालकी विषम आहे, बायका ओट्याखालीच बसतात अशा गावांत. मेंढा एकाच समाजाचं, फारशी उच्चनीचता नसलेलं गाव आहे, ही त्याची मोठी सोय. जिथे ती नाही तिथे एकमताआधी बायकांची वेगळी सभा, भूमिहीनांची वेगळी बैठक हवीच. महाराष्ट्राच्या कायद्यात ग्रामसभेआधी महिला सभेची तरतूद आहे, ती याचसाठी.

मग आला वनहक्क कायदा. 2006 साली संसदेनं तो मंजूर केला आणि जंगलात राहणाऱ्यांवर झालेला ऐतिहासिक अन्याय कायद्याच्या प्रस्तावनेतच मान्य केला. त्यात वैयक्तिक जमिनीच्या हक्काइतकीच, किंबहुना त्याहून मोठी गोष्ट होती: गावाच्या पारंपरिक हद्दीतल्या सामूहिक वनाचं रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क. देशभर लोक सातबाऱ्याच्या मागे धावत असताना मेंढ्याच्या अभ्यासगटानं ही सामूहिक हक्काची ओळ आधी हेरली. 2009 साली मेंढा आणि त्याच जिल्ह्यातलं मर्दा या दोन गावांना सामूहिक वनहक्क मिळाला. देशात सगळ्यात आधी ज्यांना तो मिळाला त्यांत ही दोन गावं.

हक्क मिळाला, पण बांबू विकता येईना. 1927च्या भारतीय वन कायद्यात झाडाच्या व्याख्येत बांबूचा समावेश होता, आणि झाड म्हणजे इमारती लाकूड, म्हणजे वनखात्याचं. खरं तर बांबू गवताच्या कुळातला. ज्वारी, ऊस, भात यांचा तो भाऊबंद. वनहक्क कायद्यानं त्याला स्पष्टपणे गौण वनोपज म्हटलं होतं, म्हणजे तो गावाचा. दोन कायदे समोरासमोर उभे होते आणि मध्ये टीपी अडकला होता. गावानं परवाना मागितला, तो मिळाला नाही. गाव मागे हटलं नाही. मार्च 2011 मध्ये जयराम रमेश यांनी सगळ्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू गौण वनोपज मानण्यास सांगितलं, आणि पुढच्याच महिन्यात ते स्वतः मेंढ्याला पोचले. 2017 साली तर 1927च्या कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतूनच बांबू वगळला गेला.

त्यानंतर ग्रामसभा स्वतः बांबू तोडू-विकू लागली. तोडणाऱ्याला मजुरी गावाकडून, हिशेब गावाच्या खात्यात, उरलेले पैसे गावाच्या कामांना. बांबूचं बेट तोडताना कोवळे कोंब राखायचे, कारण पुढच्या पावसाळ्याची वाढ त्यांच्यावरच. ज्याला पुढच्या वर्षी त्याच बेटाकडे यायचं आहे तो ते नीट राखतो. ठेकेदाराला यायचं नसतं.

2013 साली मेंढ्यानं आणखी एक पाऊल उचललं. महाराष्ट्र ग्रामदान कायदा 1964 सालचा. विनोबांच्या ग्रामदान चळवळीतून आलेला, पण कधीच विस्मरणात गेलेला. गावकऱ्यांनी आपापली जमीन गावाच्या नावे करायचं ठरवलं. कसणं पूर्वीसारखंच, वारसाहक्कही राहतो, पण जमीन गावाबाहेरच्या कोणाला विकता येत नाही. गडचिरोलीत जमिनीच्या किमती वाढत असताना गोंड शेतकऱ्यांनी हे स्वतःहून करावं, याचं मला आजही नवल वाटतं.

मेंढा एकटा राहिलेला नाही. गडचिरोलीत आता हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावनं तेंदूपत्ता तोडणं बंद केलं, कारण त्यासाठी फांद्या छाटाव्या लागतात आणि जंगलाला आगी लागतात. रोख पैसा सोडून त्यांनी बांबू निवडला. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण हवी की नको, हे ग्रामसभांनी ठरवावं असं 2013 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, आणि डोंगराळ भागातल्या 12 ग्रामसभांनी एकेक करून ‘नको’ म्हटलं. खाण झाली नाही.

वाचणाऱ्यानं मेंढ्याचा पाहुणा होण्याची गरज नाही. गडचिरोली लांब असेल, पण खेड्यातल्या प्रत्येक मतदाराला आपली ग्रामसभा आहे. महाराष्ट्रात ग्रामसभेला 100 किंवा एकूण मतदारांच्या 15 टक्के, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक हजर असले की गणपूर्ती होते. कितीतरी गावांत तेवढेही जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्यामुळे मूठभर लोक सगळं ठरवून मोकळे होतात. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या सभांच्या नेहमीच्या तारखा. पुढच्या तारखेला जा. त्याआधी शेजारच्या चार घरांना घेऊन बसा, एकच विषय निवडा, त्याचा कायदा आणि खर्च समजून घ्या, आणि तो विषय सभेच्या विषयपत्रिकेवर लेखी मागा. सभा झाली की ठरावाची प्रत मागून घ्या. ती मागणं हा तुमचा हक्क आहे.