बेळगावात बिऱ्हाड करताय? आधी शिवजयंतीला या

बेळगावात स्थायिक व्हायचा विचार करणाऱ्यांना मी एकच सांगतो, घर ठरवण्याआधी इथले सण बघून जा. महाराष्ट्रात सरकारी शिवजयंती १९ फेब्रुवारीला असते. बेळगाव मात्र अजूनही वैशाख शुद्ध द्वितीयेची परंपरा पाळतं. त्यानंतर दोन-तीन दिवसांत निघणारी चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते! गल्ल्यागल्ल्यांतली पोरं शिवचरित्रातले प्रसंग सजीव उभे करतात, आणि ते बघायला आसपासच्या गावांतून माणसं लोटतात. माझ्या मते इथला सगळ्यात मोठा सण हाच.

धुळवडीला पांगुळ गल्लीत अश्वत्थामा मंदिरासमोर रंगात भिजलेल्या रस्त्यावर भक्त लोटांगण घालतात. अनंत चतुर्दशीची मिरवणूक कपिलेश्वर तलावापर्यंत पोचता पोचता दुसरा दिवस उजाडतो. दिवाळीत अंगणात मातीचे किल्ले, घरात कुंदा, ही इथली दुधाची मिठाई.

१ नोव्हेंबरचंही माहीत असू द्या. त्या दिवशी कन्नड राज्योत्सवाची मोठी मिरवणूक निघते, तर सीमाभागातले मराठी लोक १९५६ मध्ये हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेल्याचं दुःख म्हणून काळा दिवस पाळतात.

मिरवणुकीच्या मार्गावर घर घेणार असाल तर रात्रीच्या आवाजाची तयारी ठेवा. शांतता हवी असेल तर टिळकवाडीच्या आतल्या गल्ल्या बघा.