समाजकार्याची वाट कुठून?

बारावीनंतर बीएसडब्ल्यू किंवा कोणत्याही पदवीनंतर दोन वर्षांचं एमएसडब्ल्यू, हा रुळलेला रस्ता. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था (१९३६) आणि निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था. १०९८ ही मुलांची हेल्पलाइनही १९९६ मध्ये टाटा संस्थेच्याच उपक्रमातून सुरू झाली. खरी घडण मात्र फिल्डवर्कमध्ये होते. प्रवेश घेताना आधी त्याचीच चौकशी करा. उदाहरणार्थ, गुन्ह्यात सापडलेल्या मुलाचा सामाजिक तपासणी अहवाल परिविक्षा अधिकाऱ्याला दोन आठवड्यांत बाल न्याय मंडळापुढे ठेवावा लागतो: घरी कमावतं कोण, शाळा कधी सुटली, संगत कोणाची. मुलाला बोलतं करणं पुस्तकातून येत नाही (दरडावून तर नाहीच). मंडळावर दंडाधिकाऱ्यासोबत दोन समाजकार्यकर्ते असतात. त्यांत किमान एक स्त्री असावीच लागते.