एका अक्षराचा खटला

डोमेन नाव नोंदवून देणारी कंपनी ते नाव शिल्लक आहे का, एवढंच बघते, हे मागच्या आठवड्यात आपण पाहिलं. नाव खरं कुणाचं, हे ती विचारत नाही. सायबरस्क्वॉटिंगला वाव मिळतो तो इथेच. दुसऱ्याने नावारूपाला आणलेलं नाव आधी आपण अडवायचं, मग ते त्यालाच चढ्या भावाने विकायचं, नाहीतर त्याचं गिऱ्हाईक आपल्याकडे वळवायचं.

गिऱ्हाईक वळवण्याचा असाच एक वाद १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आला. ‘रेडिफ डॉट कॉम’ असताना कुणीतरी ‘रॅडिफ डॉट कॉम’ नोंदवलं होतं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये फरक फक्त ‘ई’च्या जागी ‘ए’चा. प्रतिवादींचं म्हणणं असं, की हे नाव ‘रॅडिकल’, ‘इन्फर्मेशन’, ‘फ्युचर’ आणि ‘फ्री’ या शब्दांतली अक्षरं जुळवून केलं आहे. न्यायालयाला ते पटलं नाही. डोमेन नाव हा नुसता पत्ता नव्हे, त्याला ट्रेडमार्कइतकंच संरक्षण हवं, असं सांगून मनाई हुकूम दिला गेला.

पुढे सर्वोच्च न्यायालयातही अशीच सबब ऐकायला मिळाली. सत्यम इन्फोवेच्या ‘सिफी’समोर दुसऱ्या कंपनीने ‘सिफ्फीनेट’ उभं केलं होतं आणि ही आमच्या पाच प्रवर्तकांची आद्याक्षरं, असा तिचा खुलासा होता. ६ मे २००४ च्या निकालात हा खुलासा फेटाळला गेला. डोमेन नावांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा तेव्हा नव्हता, आजही नाही. ‘पासिंग ऑफ’च्या, म्हणजे आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवण्याला मनाई करणाऱ्या जुन्या तत्त्वावरच हे खटले उभे राहिले. मला या निकालांचं मोल वाटतं ते यासाठी, की स्पेलिंगच्या कसरतीत न अडकता न्यायालयांनी हेतूवर बोट ठेवलं.

कोर्टाबाहेरचा मार्गही १९९९ चाच. जगभरातल्या डोमेन नावांचा कारभार पाहणाऱ्या ‘आयकॅन’ या संस्थेच्या धोरणानुसार तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नाव आपल्या ट्रेडमार्कशी फसगत होण्याइतकं जुळतं, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि ते वाईट हेतूने नोंदवलं व वापरलं आहे. ‘डॉट इन’ नावांसाठी ती सांभाळणाऱ्या ‘निक्सी’ या भारतीय संस्थेचं धोरण २००५ पासून आहे. तिथे नोंदणी किंवा वापर यांपैकी एकात खोट दाखवली तरी पुरते. पण दोन्हीकडे फार तर नाव परत मिळतं किंवा रद्द होतं, भरपाई नाही. ‘आयकॅन’च्या धोरणाखालच्या तक्रारी चालवणाऱ्या ‘वायपो’कडे, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे, एक ते पाच नावांच्या तक्रारीची किमान फी १,५०० डॉलर. गावातल्या मसालेवाल्याने ती कुठून भरायची? आणि बनावट साइटवर पैसे गमावलेल्या ग्राहकाला या प्रक्रियेत जागाच नाही. ही उणीव मला फार मोठी वाटते.

२०१४ पासून ‘डॉट भारत’वर मराठी नावंही देवनागरीत नोंदवता येतात. इथे वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, एवढ्यानेही नाव बदलतं. देवनागरी नावांची नोंदणी पडद्यामागे कशी चालते, ते पुढच्या आठवड्यात पाहू.