रुंद नाकाचं ऑपरेशन : करण्याआधी हे वाचा



'नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं' ही म्हण घराघरांत माहीत आहे. वस्तीत मुलगी बघायला पाहुणे येतात, चहा-पोहे घेऊन जातात आणि मागाहून निरोप येतो, "मुलगी चांगली आहे, पण नाक जरा बसकं आहे." मग ती मुलगी आरशासमोर नाक चिमटीत धरून बघते, मोबाईलवर जाहिराती बघते आणि एक दिवस आईला विचारते, "ऑपरेशन करू का गं?" या प्रश्नावर रागावू नये आणि हसूही नये. तिला खरी माहिती द्यावी.

नाकाचा वरचा भाग हाडाचा असतो. खालचा भाग कूर्चेचा, म्हणजे कानासारख्या लवचिक मऊ हाडाचा असतो. कुणाचं हाड पसरट असतं, कुणाचा शेंडा गोल असतो, तर कुणाच्या नाकपुड्या रुंद असतात. म्हणून सगळ्यांना एकच ऑपरेशन लागू पडत नाही.

कोणत्या नाकाला काय करतात?

नाकपुड्या रुंद असतील तर त्या गालाला मिळतात तिथला छोटा भाग काढून टाके घालतात. वण बहुधा तिथल्या घडीत लपतो.

शेंडा गोल असेल तर कूर्चा थोडी कमी करतात, टाक्यांनी जवळ आणतात किंवा कूर्चेचाच तुकडा आधाराला लावतात.

हाड पसरट असेल तर ते ठरावीक रेषेत कापून आत सरकवतात.

नाक बसकं असेल तर नाकाच्या आतल्या पडद्याची, कानाची किंवा बरगडीची कूर्चा घेऊन उंची वाढवतात. उंची वाढली की रुंदी कमी भासते. काही ठिकाणी सिलिकॉन बसवतात; त्यात जंतुसंसर्ग होण्याचा किंवा ते सरकण्याचा धोका असतो.

काय होत नाही?

जाड गोधडीखाली ठेवलेल्या वस्तूची कड वरून दिसत नाही. नाकाची त्वचा जाड असेल तर तसंच होतं. आत केलेला बदल बाहेर पूर्ण उमटत नाही. "नटीसारखं चाफेकळी नाक करून देतो" असं कुणी सांगितलं तर तिथून उठावं. क्लिप लावून किंवा मालिश करून नाकाचा आकार बदलत नाही. पार्लरमध्ये नाकात इंजेक्शन तर मुळीच घेऊ नये. औषध रक्तवाहिनीत गेलं तर त्वचा मरू शकते, दृष्टीही जाऊ शकते.

आधी आणि नंतर

नाकाची वाढ पूर्ण झाल्याशिवाय हे ऑपरेशन करत नाहीत. मुलींमध्ये साधारण १६ आणि मुलांमध्ये १७-१८ वर्षांपर्यंत थांबावं लागतं. मोठं ऑपरेशन पूर्ण भूल देऊन होतं. आठवडाभर नाकावर पट्टी राहते, डोळ्यांखालची सूज आणि काळेनिळे डाग उतरायला दोनेक आठवडे लागतात. खरा आकार दिसायला वर्ष जातं. रक्तस्राव, श्वासाला अडथळा, दोन्ही बाजू सारख्या न दिसणं, जाड वण हे धोके आहेत. काहींना दुसऱ्यांदा ऑपरेशन करावं लागतं. तंबाखू, मिश्री, बिडी काही आठवडे आधीपासून बंद हवी, नाहीतर जखम नीट भरत नाही.

डॉक्टर प्लास्टिक सर्जरीचं किंवा कान-नाक-घशाचं रीतसर शिक्षण घेतलेला आहे का, हे विचारायला संकोच करू नका. मुंबईत केईएम, सायन अशा पालिका रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरी विभाग आहेत. खाजगीत खर्च लाखाच्या घरात जातो आणि केवळ दिसण्यासाठीच्या ऑपरेशनला विमा सहसा लागू होत नाही. मात्र श्वास अडकत असेल, अपघातात नाक मोडलं असेल किंवा जन्मतः ओठ फाटलेला असेल तर ती उपचाराची बाब आहे. तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात मदतीची चौकशी करा.

नाक आणि जात

रुंद नाकाला कमी लेखणं नुसत्या आवडीनिवडीतून आलेलं नाही. १८९१ साली हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने नाकांची मापं घेऊन, नाक जितकं रुंद तितकी जात खालची, असा सिद्धान्त मांडला. बाबासाहेबांनी १९४८च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात नाकांच्या मापांचेच आकडे तपासले आणि दाखवून दिलं की या मापांवरून ब्राह्मण व अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत. अस्पृश्यतेचं मूळ वंशात नाही, हे त्यांनी त्याच मापांनी सिद्ध केलं.

तेव्हा मुलीला स्वतःला हवं असेल, वय झालं असेल, पैसा हाताशी असेल आणि धोके समजले असतील, तर तिने जरूर करावं. त्यात लाज नाही. पण नाकाला नाव ठेवून गेलेल्या पाहुण्यांसाठी कर्ज काढू नका. त्या पैशात तिचं एखादं वर्षाचं शिक्षण होईल.